बाळावाचून बाळंतपण

“आणि बाळ कुठं ठेवलं म्हणायचं?”

खिडकीखालच्या बोळातून आवाज आला. पाण्याला निघालेल्या बायका होत्या. कळंब्याच्या तळ्याचं पाणी आमच्या चौकातल्या नळाला सकाळी थोडाच वेळ यायचं, आणि घागरी घेऊन त्या आमच्या भिंतीला लागूनच जायच्या.

“हळू की. आत निजली आसंल.”

“निजंना. साऱ्या गल्लीत धुरीचा वास सुटलाय. बाळंतशेपा काय कोण पोटदुखीला जाळतंय व्हय?”

“पोटात खडं झालं हुतं म्हणं.”

“खडं!” पहिली हसली. “आगगाडीत बसून गेली, महिन्यानं पोट बांधून आली. तुझ्या नणंदंला न्हाईत झालं कधी असलं खडं.”

घागरीवर घागर आपटली आणि दोघी पुढे गेल्या.

मी बाजेवर पडले होते. बाजेखाली शेगडी होती आणि तिच्यातल्या निखाऱ्यांवर ओवा आणि बाळंतशेपा टाकलेल्या होत्या. डोक्यावरून, कानांवरून फडकं बांधलेलं. पोटाला जुन्या लुगड्याचा पट्टा इतका आवळलेला की श्वास निम्म्यातच थांबायचा. तोंडात डिंकाच्या लाडवाची चव. मला त्या बायकांचा राग यायला हवा होता. आला नाही. वाटलं, यांचं काय चुकलं? मी भिंतीपलीकडे असते तर मीही हेच म्हटलं असतं.

खरं ते असं होतं. वर्षभर माझ्या पोटात उजव्या बाजूला, बरगडीखाली, कळा येत होत्या. कळ आली की ती पाठीत, खांद्याच्या पात्यापर्यंत जायची आणि मी उलट्या करून निपचित पडायची. वैद्य झाले, मात्रा झाल्या, अंगारे झाले. शेवटी आमच्या शाळेतल्या मडमेनं आबांना बोलावून घेतलं आणि आगगाडीनं जावं लागतं अशा एका मिशनच्या दवाखान्याचं नाव सांगितलं. आबा, म्हणजे माझे वडील, दरबारच्या बांधकामावर देखरेख करत. मुलींनी शिकावं ही महाराजांची इच्छा, म्हणून त्यांनी मला इंग्रजी शाळेत घातलं होतं. त्यावरूनच भावकी अर्धी तुटली होती. आता पोरीचं पोट फाडायला नेतो म्हटल्यावर उरलेली अर्धीही दारात येऊन सांगून गेली, “जिती घेऊन चाललास, लाकडं आणून ठिवतो.”

आबा तरीही मला घेऊन गेले. मला क्लोरोफॉर्म दिला, पित्ताची पिशवी काढली, आणि मी जिवंत परत आले.

दवाखान्यातले ते दिवस मला आवडले हे कुणाला सांगायची सोय नव्हती. तिथल्या डॉक्टरीणबाई इंग्रजीतून विचारायच्या आणि मी इंग्रजीतून सांगायची. दुखणं कुठे सुरू होतं, कुठे जातं, शौचाला किती वेळा होतं, उलटीचा रंग कसा. घरात ज्या गोष्टी मी आरशालाही सांगितल्या नसत्या, त्या मी त्या परक्या बाईला परक्या भाषेत सरळ सांगत असे, आणि मला लाज वाटत नसे. निघताना त्या माझ्या बाजूला बसल्या. म्हणाल्या, पिशवी गेली तरी काही जणांना दुखणं लगेच सोडत नाही. महिनोन् महिने राहू शकतं. तूप, तेल, तळलेलं बंद. साधा भात, ताक, भाजी. थोडं थोडं खायचं. दुखणं राहिलंच तर परत यायचं, लाजायचं नाही.

बाहेर कंपाउंडर आबांना मराठीत सांगत होता, “ताकदीचं खायला द्या, अशक्तपणा फार आहे.”

आबांनी घरी नेलं ते हेच वाक्य.

घरात आत्ती होती. आबांची थोरली बहीण, लग्नानंतर दोन वर्षांतच विधवा होऊन आमच्याकडे आलेली. माझी आई गेल्यावर तिनंच मला वाढवलं. तिला मूल झालं नाही, पण गल्लीतल्या निम्म्या बायकांची बाळंतपणं तिच्या हातची. कुणाची पाठ कशी शेकायची, कुणाला किती अळीव सोसतं, हे तिला तोंडपाठ. लोक म्हणायचे, तिच्या हातची बाळंतीण महिन्यात घागर उचलते. टांग्यातून मला उतरवताना तिनं माझ्या पोटावर हात ठेवला, टाके हाताला लागले आणि तिचा चेहरा पडला. मग पदर खोचत म्हणाली, “पोट उघडलं म्हंजे बाळंतपणच की. बाळ न्हाय एवढंच. तू फकस्त निजायचं. बाकी मी बघतो.”

आणि तिनं बघितलं. माजघराच्या मागची खोली सारवली, बाज टाकली, खिडकीला गोणपाट लावलं. सकाळी तुपातला शिरा. मग शेक. दुपारी तुपात भिजलेला भात. तिसऱ्या प्रहरी अळिवाची खीर. संध्याकाळी लाडू. चैत्रातली कोल्हापूरची दुपार, गोणपाटाआड मी आणि शेगडी. घामानं बाजेचा सुंभ ओला व्हायचा.

जेवण झालं की तासाभरात सुरू व्हायचं. पूर्वीच्या कळेसारखं नव्हे, ती कळ एकदम येऊन एकदम जायची. हे हळूच यायचं. बरगडीखाली कुणी मूठ ठेवावी आणि सावकाश आवळत राहावं तसं. पोट फुगायचं, पट्टा फुगू द्यायचा नाही. तोंडात आंबट, कडू पाणी. आणि मग एकाएकी घरामागच्या परड्यातल्या संडासाकडे धावावं लागायचं. बाळंतिणीनं वाऱ्यात जायचं नाही म्हणून आत्ती डोक्यावर घोंगडी धरून माझ्याबरोबर यायची आणि दाराबाहेर उभी राहायची. आत मी ओठ दाबून बसायची, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून. बाहेरून ती विचारायची, “झालं का गं माझ्या बाई?” शेजारच्या परड्यात भांडी घासण्याचा आवाज थांबलेला असायचा.

मी सांगितलं नाही असं नाही. पहिल्याच आठवड्यात सांगितलं, “आत्ती, डॉक्टरीणबाईंनी तूप नको म्हटलंय.”

“त्यांच्यात कुठं तूप खात्यात? त्यास्नी काय ठावं?”

“मला दुखतं जेवल्यावर.”

तिनं माझ्याकडे बघितलं. तिच्या डोळ्यांत काळजी होती, खरी काळजी, आणि त्या काळजीनंच मला गप्प केलं. “दुखणारच. आतडी कोरडी पडल्यात. मऊ व्हायला नगं?” त्या दिवशी भातावर तूप दुप्पट आलं.

मग मी लाडू लपवायला लागले. ती स्वयंपाकघरात वळली की लाडू पदरातून माझ्या शाळेच्या पत्र्याच्या ट्रंकेत जायचा, पुस्तकांच्या खाली. मला ते मोठं शहाणपण वाटत होतं. पण डिंक आणि गूळ एकत्र असल्यावर कोल्हापूरच्या मुंग्यांना आमंत्रण लागत नाही. एके सकाळी ट्रंकेच्या कुलपातून निघून त्यांची रांग भिंतीवर, भिंतीवरून उंबऱ्यापर्यंत गेली होती. आत्ती रांगेच्या मागं मागं गेली आणि ट्रंक उघडली. इंग्रजी पुस्तकांना गूळ चिकटून बुरशी आली होती.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती ट्रंकेजवळ बसून राहिली. मग एकेक लाडू ताटात काढत म्हणाली, “माझ्या हातचं एवढं वंगाळ लागतंय?”

“नाही, आत्ती.”

“मग?”

त्या दिवसापासून ती शेजारी बसून मला स्वतःच्या हातानं भरवायला लागली. घास गिळला की नाही ते बघायची, मगच पुढचा घास.

तोवर गल्लीतलं बोलणं आबांच्या कानावर गेलं होतं. कुणी घातलं कोण जाणे. त्या दिवशी ते कामावरून आले, पागोटंही न उतरवता माझ्या खोलीच्या दारात उभे राहिले आणि परत फिरले. दुसऱ्या दिवशी एक बाटली बाहेरच्या सोप्यात आली. दवाखान्यातून निघताना माझ्या पोटातले खडे एका काचेच्या बाटलीत घालून आम्हाला दिले होते. पिवळट, तपकिरी, काही वाटाण्याएवढे, काही बाजरीएवढे. आबांनी ती फळीवर, देवांच्या तसबिरींच्या शेजारी ठेवली. जो कोणी घरात येईल त्याच्या हातात सुपारीच्या आधी बाटली.

“बघा. हे पोरीच्या पोटात होतं.”

“आयला,” तालमीतला एक वस्ताद बाटली कानाशी हलवून म्हणाला, “खुळखुळा हाय की वो.”

“पावणं, ह्यातला एक पेरून बघा, झाड येतंय का,” दुसरा.

आबा हसायचे. गल्लीची तोंडं बंद करायला त्यांना खड्यांचा पुरावा हवा होता आणि त्यांना तो मिळाला होता. मग आतल्या दाराकडे तोंड करून सांगायचे, “आता नखात रोग नाही. ठणठणीत.”

लोक माजघराच्या पडद्याकडे बघायचे. मी पडद्यामागे बाजेवर, गुडघे पोटाशी घेऊन.

एकदा दुपारी आबा एकटे असताना मी सोप्यात गेले. भिंतीला धरून उभी राहिले आणि डॉक्टरीणबाईंनी काय सांगितलं ते सगळं सांगितलं. दुखतं तेही सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. आबा वाईट नव्हते. त्यांनी मला शेजारी बसवून घेतलं.

“बाळ, भावकीतला एकेक माणूस मला येऊन सांगून गेला होता, नेऊ नको. लाकडं आणायची भाषा केली. शाळेच्या वेळीही असेच अडवायला आले होते. तू उठून चालतेस, हेच त्यांना माझं उत्तर आहे. दुसरं माझ्याजवळ काय आहे?” मग म्हणाले, “थोडंफार दुखायचंच. टाके आहेत. सहन कर. पण बोलू नको.”

त्यांनी ‘बोलू नको’ म्हटलं ते रागानं म्हटलं असतं तर मी कदाचित बोलले असते. त्यांनी ते मागितलं. मी मान हलवली आणि आत आले.

तेव्हा मला कळलं की मला कुणीच कोंडलं नव्हतं. दार उघडं होतं, खिडकीचं गोणपाट काढता येत होतं. एका बाजूला आत्तीचा हात होता, दुसऱ्या बाजूला आबांचा शब्द, आणि मला दोन्ही मोडवत नव्हते.

वैशाखात बिद्रीकडचे लोक मला बघायला येणार असं ठरलं. मुलगा कोल्हापुरात शिकलेला, कारकुनीत लागलेला. घरची शेती, ऊस, स्वतःचं गुऱ्हाळ. माझ्या वाढलेल्या वयाला असं स्थळ चालत येणं ही नवलाचीच गोष्ट होती. वयाविषयी भावकी काय म्हणायची ते मी इथे लिहीत नाही.

पाहुणे यायच्या दिवशी पहाटेच आत्तीनं माझं बाळंतपण संपवलं. बाज माळ्यावर गेली, शेगडी परड्यात. वास जावा म्हणून खोली दोनदा सारवली आणि कापूर जाळला. कानाचं फडकं सोडलं, पोटाचा पट्टा सोडला. पट्ट्याखालची कातडी पांढरी पडून सुरकुतली होती. आत्तीनं मला हिरवं लुगडं नेसवलं, नथ घातली आणि दूर उभी राहून बघत म्हणाली, “अशक्त दिसती. पण पुरणावर येईल रंग.”

पुरणपोळीचा बेत होता.

पाहुणे बैलगाडीतून आले. पुरुषांची पंगत सोप्यात आधी झाली. पडद्याआडून मी बाटलीचा खुळखुळ ऐकला आणि मुलाच्या वडिलांचा आवाज, “खरंच की. ह्यात काय लबाडी न्हाय.” मग आबांचं मोकळं हसणं. इतकं मोकळं मी कित्येक दिवसांत ऐकलं नव्हतं.

मग आतली पंगत. मुलाची आई उंच, रापलेली, हातात काकणांचा भार. त्यांनी पाट माझ्या पाटाशेजारी ओढून घेतला.

“लांब कशाला बसू? बघायला आलोय तर जवळनं बघतो.”

आत्तीनं वाढलं. पोळीवर तूप ओतलं ते पानावरून ओघळून जमिनीला लागलं. आमच्यात पाहुण्यांसमोर तूप मोजत नाहीत.

“आमच्यात गुऱ्हाळ लागलं की रोज वीस माणसं जेवाय असत्यात,” त्या म्हणाल्या. “थोरली सून एकटी पडती. तुला जमंल का गं?”

“जमंल की,” आत्ती म्हणाली.

“मी पोरीला इचारलं, पावणीबाई.”

मी मान खाली घातली. त्यांनी ती मान होकार म्हणून घेतली की लाज म्हणून, मला कळलं नाही. मी पोळीचा तुकडा मोडला, तूप कडेला निथळवलं आणि खाल्ला. मग दुसरा. त्या बघत होत्या.

“तूप गाळून खाती गं ही,” त्या मोठ्यानं म्हणाल्या. “इंग्रजी शाळंत तूप बाटतंय व्हय?”

त्यांच्याबरोबर आलेल्या दोघी बायका हसल्या. आत्तीही हसली, पण तिची नजर माझ्या पानावर होती. “लाजती वो. घरात असली की वाटीभर तूप पिती.”

“मग पिऊ दे की आमच्या म्होरं.” त्यांनी तुपाचा तांब्या आत्तीच्या हातातून घेतला आणि माझ्या पोळीवर धरला. “जेवती सून मला लागती. उपाशी सुनंनं काम व्हत न्हाय, आन् उपाशी सुनंपायी गाव सासूला नावं ठेवतंय.” बोलण्यात वाईटपणा नव्हता. त्यांचं म्हणणं खरंच होतं. त्या ज्या घरासाठी सून बघत होत्या, त्या घरात दुखणं घेऊन जाणं म्हणजे त्यांना फसवणं होतं. मी हे तोवर माझ्या बाजूनंच बघत होते.

पहिल्या दोन तुकड्यांनी आत मूठ आवळायला सुरुवात केली होती. नेहमीपेक्षा लवकर. कपाळावर घाम आला. लुगड्याच्या आत मी डाव्या हातानं बरगडी दाबून धरली. सोप्यात आबा विचारत होते की लग्न पावसाळ्याआधी करायचं की नंतर. तांब्यातून तूप पोळीवर पडत होतं. आत्ती डोळ्यांनी मला विनवत होती, एवढा एक दिवस, एवढी एक पोळी. मी विचार केला, ही पोळी खाल्ली की लग्न ठरेल, आणि मग दुसऱ्या घरात, दुसऱ्या भिंतींमागे, मी हेच करत बसेन, आणि तिथे मला परत दवाखान्यात नेईल असं कुणीही नसेल.

मी पानावर हात आडवा धरला. तूप माझ्या बोटांवर पडलं. गरम होतं.

“नको,” मी म्हणाले.

माझा आवाज मला वाटला त्याहून मोठा निघाला असावा, कारण सोप्यातलं बोलणं थांबलं. मुलाच्या आईनं तांब्या उचलला. आत्ती “अगं” म्हणाली. सगळे माझ्याकडे बघत होते आणि पडद्यापलीकडे आबा ऐकत होते हे मला माहीत होतं. मी तशीच, बोटांवरून तूप ओघळत असताना, बोलले:

“मावशी, तुमच्या तुपाला मी नावं ठेवत नाही. खडे निघाले, पण दुखणं निघालेलं नाही. जेवलं की रोज दुखतं, आत्ताही दुखतंय. वीस माणसांचं काय, माझं एकटीचंही मला होत नाही. तुम्ही दुसरी मुलगी बघा. आत्ती, तुझ्या हातचं मला सोसत नाही, तू वाईट वाटून घेऊ नको. आबा, मला परत दवाखान्यात न्या.”